राजेसाहेब, हलू नका!

प्लासिदो कोंदोरीच्या पाठीवर सुई चालू होती आणि तोंडासमोर बायको.

"हे असलं घालून तू सरकारी ऑफिसात जाणार?" बासिलियाने तिसऱ्यांदा विचारलं.

"मग काय करू? अकराची अपॉइंटमेंट, एकला मिरवणूक. तिथून परत येऊन हे अंगावर चढवायचं म्हटलं तर संध्याकाळ होईल. विचार ओर्तेन्सियाला."

ओर्तेन्सिया म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलीची धर्ममाता. आमच्यात हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जवळचं असतं आणि सल्ला देण्याच्या बाबतीत सासूपेक्षा वरचढ. दातात मेण लावलेला दोरा धरूनच ती बोलली, "शिवून झालंय. आता मिरवणूक संपेपर्यंत हे निघणार नाही. मध्येच उसवलं तर सगळा डोलारा खाली येईल, मग माझ्याकडे येऊ नका."

डोलारा हा शब्द तिने उगाच वापरला नव्हता. मोरेनादा नाचात राजाचा जो पोशाख असतो तो कपडा नसतोच, ते बांधकाम असतं. कमरेखाली एकावर एक असे पिंपासारखे गोल घेर, खांद्यांवर तोंड वासून बसलेले सोनेरी जरीचे दोन ड्रॅगन, उभी ताठ कॉलर, पाठीवर झूल आणि वर डोळे बाहेर आलेला, जीभ लोंबणारा मुखवटा. आत माणूस आहे हे त्याच्या बुटांवरून ओळखायचं.

प्लासिदोने उर्कुपिन्याच्या माउलीला, म्हणजे आमच्या मारियामातेला, तीन वर्षं नाचण्याचा नवस केला होता. पहिली दोन वर्षं तो मागच्या रांगेत घाम गाळत नाचला. या तिसऱ्या वर्षी आमच्या व्हिया सेलिना वस्तीतल्या मंडळाने त्याला राजा केलं. सीमेपलीकडे, ओरुरोकडच्या एका कोपऱ्यातल्या गावातून ब्वेनोस आयरेसला आलेला, भाजीचं दुकान चालवणारा माणूस माउलीपुढे राजा म्हणून चालणार होता. बातमी कळली त्या दिवशी त्याने गिऱ्हाइकांना टोमॅटो न दाबता निवडू दिले होते, यावरून काय ते समजा.

आणि नेमकी मिरवणुकीच्याच दिवसाची अपॉइंटमेंट कॉम्प्युटरने दिली. प्लासिदोच्या राहण्याच्या परवान्याची मुदत त्या रविवारी संपत होती. पुढची तारीख मागितली तर कॉम्प्युटर थेट डिसेंबर दाखवत होता. आणि सप्टेंबरात प्लासिदोला गावी, चाल्यापाताला जायचं होतं, आईकडे. म्हातारीला भेटून कितीतरी वर्षं झाली होती. या खेपेला तिने त्याच्यासाठी मेंढी पोसून ठेवली होती आणि फोनवर मुलापेक्षा मेंढीबद्दलच जास्त बोलत होती. मुदत संपलेल्या कार्डावर सीमेपलीकडे जाता आलं असतं, पण परत आत घेतीलच याची खात्री नव्हती. म्हणजे कार्ड नाही तर आई नाही.

"माउलीला चुकवता येत नाही आणि सरकारलाही," प्लासिदो म्हणाला. "दोघांकडे एकाच कपड्यात जाऊन येतो."

राजा टॅक्सीत मावत नव्हता. म्हणून बासिलियाच्या भावाने, वाल्तेरने, आपला भाजीचा ट्रक काढला. मागे कोबीच्या क्रेटांमध्ये राजा उभा, शेजारी घेरदार पोयेरा घागरा नेसलेली आणि गोल टोपी घातलेली राणी, म्हणजे बासिलिया, आणि ऑगस्टातला गार वारा. सिग्नलला लोक फोटो काढत होते. प्लासिदोने सुरुवातीला मान खाली घातली, मग दुसऱ्या सिग्नलला थोडी वर केली, आणि मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तो हात हलवून लोकांना अभिवादन करत होता.

"हात खाली घे," बासिलिया म्हणाली. "अजून मिरवणूक सुरू झालेली नाही."

ऑफिसच्या दारात घोडं अडलं. सिक्युरिटीवाल्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे काय आहे?"

"मी आहे," मुखवट्याच्या आतून आवाज आला. "अकराची अपॉइंटमेंट."

"मुखवटा काढा. आणि बाकीचं पण काढून बाजूला ठेवा."

"मुखवटा काढतो. बाकीचं शिवलंय."

"शिवलंय म्हणजे?"

"म्हणजे शिवलंय," बासिलियाने मुखवटा आपल्या काखेत घेत सांगितलं. "तुमचं बटण जसं शिवतात तसं. फक्त बटणाच्या जागी हा आहे."

मशीनमधून जाताना जी काही शिट्टी वाजायला लागली ती थांबेचना. जरीत तार, घेरात तार, बुटांना घुंगरं. सिक्युरिटीवाल्याने हातातलं यंत्र त्याच्या अंगाभोवती फिरवलं, ते सगळीकडेच ओरडलं, शेवटी त्याने यंत्रच बंद केलं. दाराचं एकच पान उघडं होतं, त्यातून प्लासिदो जाईना. "आडवे व्हा," सिक्युरिटीवाला म्हणाला. प्लासिदो आडवा झाला. पण गोल माणसाला आडवं काय आणि उभं काय. दुसऱ्या पानाची कडी ती इमारत बांधल्यापासून कोणी सरकवली नसावी. रांगेतल्या दोन पेरूच्या आणि एका सेनेगलच्या गड्याने मिळून ती ठोकून काढली, तेव्हा राजाचा दरबारात प्रवेश झाला.

आत गेल्यावर कळलं की सर्व्हर डाउन आहे.

हॉलमध्ये सगळा खंड बसला होता. व्हेनेझुएलाच्या बायका, पाराग्वायचे गवंडी, कोलंबियाचे विद्यार्थी, हैतीचा एक पाद्री. सगळ्यांच्या हातात टोकन, सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच ऑफिसची कळा. प्लासिदोला बसता येत नव्हतं, म्हणून तो खांबाशेजारी उभा राहिला. नवीन येणारे लोक आधी त्याच्याकडे जाऊन विचारत होते, "चौकशी इथंच का?" पाराग्वायच्या एका बाईने त्याला मातेचा, म्हणजे पानांच्या गरम काढ्याचा, नळीवाला पेला दिला, पण खांद्यांवरच्या ड्रॅगनांमुळे त्याचे हात तोंडापर्यंत पोचेनात. शेवटी तिनेच नळी त्याच्या ओठांना लावली. बासिलियाने तोंडावर काही दाखवलं नाही, फक्त पुढचा घोट आपल्या हाताने पाजला.

साडेबारा वाजले. बासिलियाचा फोन वाजला. त्यांना सोडून ट्रक घेऊन चौकात परत गेलेला वाल्तेर होता, तिने फोन नवऱ्याच्या कानाला लावला.

"दाजी, कुठं आहात? बँड तयार, पाद्री तयार, माउलीला खांद्यावर घेतलंय. सगळे राजाला विचारतायत."

"सर्व्हर डाउन आहे रे."

"म्हणजे?"

"म्हणजे इथं राजाला कोणी विचारत नाही."

"अहो, राजाशिवाय माउली चौक ओलांडत नाही! आजवर कधी झालंय का असं?"

"मग काय, मी माउलीला टोकन घेऊन देऊ?"

पलीकडे वाल्तेर विचार करायला लागला होता, आणि तो विचार करतो तेव्हा घरचे घाबरतात. "थांबा दाजी," तो म्हणाला. "राजा येत नसेल तर मिरवणूक ट्रकांत भरून राजाकडे येईल." आणि त्याने फोन ठेवला.

बासिलिया म्हणाली, "त्याला परत फोन लावते." पण तेवढ्यात सर्व्हर उठला, हॉलमध्ये टाळ्या पडल्या आणि भिंतीवर प्लासिदोचा नंबर उजळला.

सात नंबरच्या टेबलावर नॉर्मा एचेगाराय बसत. कडक बाई. चष्म्याला साखळी, टेबलावर एक कागद वाकडा नाही. त्यांनी प्लासिदोकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, पुन्हा प्लासिदोकडे पाहिलं.

"व्यवसाय भाजी विक्रेता असं लिहिलंय."

"हो बाई."

"बरं," नॉर्माबाई म्हणाल्या आणि पुढच्या रकान्याकडे वळल्या. त्या टेबलावर त्यांनी आयुष्यात बरंच काही पाहिलं होतं.

कागद झाले, पांढरे हातमोजे काढून बोटांचे ठसे झाले. राहिला फोटो. फोटोची जागा म्हणजे दोन लाकडी पार्टिशनांमधली बोळ. प्लासिदोने श्वास आत घेतला, बासिलियाने मागून रेटा दिला, आणि तो आत गेला. गेला तो बाटलीच्या बुचासारखा बसलाच.

नॉर्माबाईंनी कॅमेऱ्यातून पाहिलं. "ते खांद्यांवरचं काढता येत नाही का?"

"शिवलंय," नवरा-बायको एकदम म्हणाले.

बाईंनी नियमांचा तक्ता काढून वाचला. डोक्यावर काही नको, चष्मा नको, चेहरा समोर, हसू नये. त्यांनी तक्ता उलटून मागची बाजूही पाहिली. "खांद्यांबद्दल काही म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या. नियमात नाही ते चालतं, हा त्यांचा नियम होता. "सरळ बघा. हलू नका."

आणि त्याच क्षणी बाहेर रस्त्यावर मोठा ढोल पडला.

मोरेनादाचा ठेका ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. संथ, जड, जमिनीतून वर येणारा. त्यावर तुताऱ्या, त्यावर ट्यूबा, आणि त्यावर साठ-सत्तर खुळखुळे एकदम फिरलेले. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. नॉर्माबाईंनी बटण दाबलं. स्क्रीनवर प्लासिदोला दोन नाकं आली होती.

"हललात तुम्ही."

"मी नाही हललो बाई. पाय हलले."

"पाय फोटोत येत नाहीत!"

"पण मी त्यांच्यावरच उभा आहे ना."

दुसरा फोटो. यात कानच नव्हता. तिसऱ्यात ड्रॅगन स्पष्ट आले होते आणि माणूस पुसट. "अहो, मुदत रविवारी संपतेय तुमची," नॉर्माबाई आता घायकुतीला आल्या. "दोन वाजता सिस्टीम बंद होते. फोटो नाही तर नूतनीकरण नाही. एक मिनिट स्थिर उभं राहायला काय होतंय?"

प्लासिदोच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्याच्या डोळ्यांपुढे आई होती, मेंढी होती, आणि खाली पाय आपापला धर्म पाळत होते. "बाई, नवस आहे. माउलीचा बँड वाजत असताना नाचणारा मोरेनो थांबला तर तो नाच मोजला जात नाही. तुमच्यासाठी मी हात जोडतो, पण पायांना माझ्या सांगता येत नाही."

"मग बँडला थांबायला सांगा!"

बासिलियाने खिडकीतून बाहेर हातवारे केले. खालून सगळ्यांनी आनंदाने हात हलवले आणि आणखी जोरात वाजवायला लागले. "ते माझं ऐकणार नाहीत," ती म्हणाली. "बँड फक्त राजाच्या शिट्टीवर थांबतो."

शिट्टी राजाच्या गळ्यात होती. राजा पार्टिशनांमध्ये होता, आणि तिथून फुंकली तर बाहेर कोणाला ऐकू गेली नसती. दोघा कारकुनांनी त्याला ओढून पाहिलं, तर पार्टिशनच त्याच्याबरोबर यायला लागलं. शेवटी नॉर्माबाई उठल्या, त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यातली शिट्टी काढली, पोयेरा सावरावा तसा स्कर्ट सावरला आणि दाराकडे निघाल्या.

"बाई, लांब फुंका!" प्लासिदो ओरडला. "लांब म्हणजे थांबा! आखूड म्हणजे..."

पण ढोलापुढे ते त्यांच्या कानापर्यंत पोचलं नाही.

नॉर्माबाई पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. समोर सगळा रस्ता भरून पिंपासारखे मोरेनो डोलत होते, पुढे पोयेरा गरगर फिरवणाऱ्या बायका, आणि चौघांच्या खांद्यांवर फुलांनी मढलेली माउली. बाईंनी रागाने एक आखूड शिट्टी फुंकली.

आखूड शिट्टी म्हणजे उजवीकडे वळून पुढे चला.

उजवीकडे ऑफिसचं दार होतं. त्याची दोन्ही पानं सकाळपासून उघडी होती. सगळी मिरवणूक एका दमात वळली आणि आत शिरली. सिक्युरिटीवाला भिंतीला चिकटला आणि त्याने टोपी काढली, कारण माउली समोरून चालली होती. मिरवणुकीबरोबर आत रेटल्या गेलेल्या नॉर्माबाईंनी घाबरून दोन आखूड शिट्ट्या फुंकल्या. म्हणजे जलद. बँडने जलद केलं. हॉलमध्ये टोकन हातात धरलेले लोक उभे राहिले, व्हेनेझुएलाच्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला, हैतीच्या पाद्र्याने डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली. ट्यूबावाला चौकशीच्या खिडकीत वाजवत होता.

"बाई, लांब!" खुर्चीवर चढलेली बासिलिया जिवाच्या आकांताने ओरडली. "लांब फुंका!"

नॉर्माबाईंनी छाती भरून घेतली आणि फुंकली.

सगळं थांबलं. ढोलाची काठी वरच्या वर राहिली. शंभर-दीडशे माणसं श्वास रोखून नॉर्माबाईंकडे बघत होती. बाईंनी हातातल्या शिट्टीकडे पाहिलं. सगळी नोकरी त्यांनी याच हॉलमध्ये "रांगेत उभे राहा" असं घसा फोडून ओरडण्यात घालवली होती आणि कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी हळूच टोकनवाल्या रांगेकडे तोंड वळवलं आणि अगदी छोटीशी फुंकर मारली. रांग सुतासारखी सरळ झाली.

त्या शांततेत त्या चालत सात नंबरवर परत आल्या, कॅमेऱ्यामागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "राजेसाहेब, हलू नका."

प्लासिदो हलला नाही.

वरच्या मजल्यावरून साहेब धावत आले. माउली, ट्यूबा, मुखवटे यांच्यावरून नजर फिरवून त्यांनी विचारलं, "नॉर्मा, हे काय चाललंय?"

"नूतनीकरण," नॉर्माबाई म्हणाल्या.

स्क्रीनवर फोटो आला तसे सगळे तिथं गोळा झाले. आता आमचे या कार्डांवरचे फोटो कसे असतात ते आम्हालाच माहीत. मान आखडलेली, डोळे भ्यालेले, आत्ताच कोणीतरी पकडून आणल्यासारखे. आमच्यात कोणी कार्ड दाखवायचं झालं तर अंगठ्याने फोटो झाकून दाखवतं. हा फोटो तसा नव्हता. सोनेरी कॉलर, दोन्ही बाजूंना ड्रॅगन, आणि मध्ये घामाने चमकणारा, छाती पुढे काढलेला प्लासिदो कोंदोरी. या देशात राहायची परवानगी तो मागत नव्हता, देत होता असं वाटावं. सांगायला लाज कशाची, आमचे डोळे भरून आले.

"परत काढू का?" नॉर्माबाईंनी विचारलं.

"कशाला?" बासिलिया म्हणाली. "लग्नातसुद्धा इतका बरा दिसला नव्हता."

पार्टिशनचे स्क्रू काढून राजाला सोडवण्यात आलं. मिरवणूक ऑफिसच्या पायऱ्यांवरूनच सुरू झाली, आणि निघण्याची शिट्टी नॉर्माबाईंनी फुंकली. ती बरोबर कशी फुंकायची ते त्यांना शिकवून झालं होतं.

कार्ड पोस्टाने आलं. प्लासिदो ते दुकानात भाजी मोजून देताना गिऱ्हाइकांना दाखवत असे. सप्टेंबरात तो बसने निघाला. सीमेवरच्या अधिकाऱ्याने कार्ड पाहिलं, आतून आणखी दोघांना बोलावलं, तिघांनीही पाहिलं आणि शेवटी त्याला "पुढे चला, साहेब" म्हणाले. आजवर त्याला तिथं कोणी साहेब म्हटलं नव्हतं.

चाल्यापाताला म्हाताऱ्या तोमासाबाईंनी आधी मुलाला पोटाशी धरलं, मग मेंढी दाखवली, मग कार्ड हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं.

"हा कोण?"

"मीच गं आई."

तिने कार्ड उजेडाकडे धरलं, परत पाहिलं, शालीत बांधलं आणि जेवण तसंच टाकून गावात निघाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं होतं की तिकडच्या सरकारने तोमासाच्या पोराला राजा म्हणून ठेवून घेतलंय. शेजारच्या साबिनाबाई म्हणाल्या, माझाही मुलगा तिकडेच आहे. "असेल," तोमासाबाई म्हणाल्या, "पण त्याचा फोटो शर्टातला आहे."

परत निघायचा दिवस आला. मेंढी संपली होती, पिशव्या भरल्या होत्या. प्लासिदोने कार्ड मागितलं.

"राहू दे ना माझ्याकडे," आई म्हणाली. "तिकडे तू स्वतः आहेस की."

"अगं, ते नसलं तर मला तिकडे राहता येत नाही."

म्हातारीने शालीची गाठ आणखी घट्ट केली. मग म्हणाली, "मग नको राहूस."

कार्डासाठी प्लासिदोने काय काय केलं होतं ते तिला सांगावंसं वाटलं, पण तिने ते आधीच सगळ्या गावाला सांगितलेलं होतं. तो नुसता तिच्याजवळ ओसरीवर बसला.

"देते," तीच म्हणाली. "पळून नाही जात तुझं कार्ड. वरच्या बाजूची घरं दाखवायची राहिलीत, तेवढी झाली की देते."

वरच्या बाजूला किती घरं आहेत ते प्लासिदोला लहानपणापासून पाठ होतं. तिथं एकच घर होतं आणि त्यात आता कोणी राहत नव्हतं.

"बरीच आहेत की गं घरं," तो म्हणाला, आणि उठून बसस्टँडवर जाऊन त्याने तिकीट पुढच्या आठवड्याचं करून घेतलं.